सण बापाकडचा, नदी आईकडची

कंबरेएवढं पाणी असलेली जागा शोधायला त्यांना तीन दिवस लागले. २०२४ च्या ऑक्टोबरात आर्कान्सात पाऊस जवळजवळ नव्हताच. बफेलो नदी म्हणजे पांढऱ्या गोट्यांचा पसारा आणि मधे मधे डोह, एवढंच उरलं होतं. शेवटी गिल्बर्ट गावाजवळ एका कड्याखाली हिरवट, स्थिर दिसणारा पण खालून वाहता असा डोह सापडला. गुरुवार, २४ ऑक्टोबरला दुपारी त्याच्या काठच्या खडीवर तीसेक माणसं जमली. मंडपांच्या सणाचा, म्हणजे सुक्कोथचा, तो आठवा दिवस होता. सात रात्री फांद्यांच्या मांडवात झोपून झाल्या होत्या आणि आता पाण्यात उतरायचं होतं.

आमच्या मंडळीत कौटुंबिक समुपदेशनाचा एक छोटा गट आहे. दर दोन महिन्यांनी कुणीतरी आपण जवळून पाहिलेलं एक प्रकरण लिहून आणतं आणि बाकीचे त्यावर बोलतात. हे मी त्या गटासाठी लिहिलं. कुटुंबाने वाचून परवानगी दिली, म्हणून इथे मांडते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील वगळले आहेत.

माणसं

मी बेंटनव्हिलला राहते. कामानिमित्त आलेली बरीच मराठी घरं इथे आहेत. मी सांगते आहे ते कुटुंब मात्र इथलंच. त्यातली मुलांची आई माझ्याबरोबर काम करते. तिचं वय ४४, नवऱ्याचं ४६. मोठा मुलगा १८ वर्षांचा, मुलगी १५ ची, धाकटा ९ चा. आणि आजी, म्हणजे आईची आई, ७४ वर्षांच्या. या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती त्याच आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

वडिलांकडे मंडपांचा सण दोन पिढ्या चालत आलेला आहे. ते लोक यहुदी नाहीत. हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या, पुढे ‘वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पंथात त्यांचे आजोबा होते. हा पंथ शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळायचा, नाताळ आणि ईस्टर पाळायचा नाही, आणि बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात सांगितलेले सण ख्रिस्ती माणसाने पाळलेच पाहिजेत असं शिकवायचा. सणाच्या खर्चासाठी घरोघर उत्पन्नाचा दुसरा दशमांश वर्षभर बाजूला ठेवला जाई आणि शरद ऋतूत सगळं घर आठ दिवसांसाठी बाहेर पडे. या वडिलांचं लहानपण टेक्सासमधल्या बिग सँडीला जाण्यात गेलं. पंढरीची वारी ज्या घरात आहे त्या घरातल्या पोराला आषाढ लागला की जे होतं, तेच त्यांना ऑक्टोबर लागला की होतं. आर्मस्ट्राँग १९८६ मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात शिकवणच बदलली, शब्बाथ आणि सण बंधनकारक नाहीत असं जाहीर केलं, आणि पंथ फुटला. वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांचं घर कुठल्याच फुटीर गटात गेलं नाही. पुढे चार-पाच कुटुंबं शनिवारी एकमेकांच्या घरी जमू लागली. येशूला ते ‘येशुआ’ म्हणतात.

आईकडची माणसं सदर्न बाप्टिस्ट या अमेरिकन प्रोटेस्टंट पंथाची. आजी आठ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांच्या शेताजवळच्या ओढ्यात पाळकांनी त्यांना बुडवून बाप्तिस्मा दिला. ‘पाणी इतकं थंड होतं की मी देवाचं नाव घेण्याआधी आईचं घेतलं,’ हे त्या आजही सांगतात. नातवंडांना त्यांनी पाळण्यातली गाणी शिकवली, भोपळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ करायला शिकवला, आणि नाताळचं झाड त्यांच्या घरी नातवंडांविना उभं राहायला लागलं त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

भांडण कशावरून होतं

मी आधी समजले की भांडण बाप्तिस्म्यावरून आहे. माझ्या मनात तो शब्द आला की दुसरं काही येतच नाही. मी अहमदनगरची. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं असलेल्या गावात वाढलेली, तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेली. आमच्या घरांत बाप्तिस्मा म्हणजे घर फुटल्याची गोष्ट. माझ्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची हकिकत सांगताना माझी आजी पाण्याबद्दल एक वाक्य बोलायची आणि कुणी कुणाचं दार बंद केलं याबद्दल तासभर. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहावं लागलं, हे तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. नदीत बाप्तिस्मा हेही आपल्याला नवं नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींचे बाप्तिस्मे भीमा नदीत झाले आहेत.

तर हा चष्मा लावून मी या घराकडे बघत होते आणि पाहिजे ते दिसत नव्हतं. आजींची तक्रार पाण्याबद्दल नव्हतीच. त्यांचं दुःख दिनदर्शिकेचं होतं. लेकीने नाताळ सोडला, ईस्टर सोडला, रविवार सोडला. सणासुदीला घर रिकामं. ‘देवाने माझं माणूस माझ्यापासून नेलं नाही, माझे दिवस नेले,’ असं त्या एकदा मला म्हणाल्या. सणाच्या मांडवात त्या दहा वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या.

पाण्याबाबत वाद होता, पण तो वेगळ्याच ठिकाणी होता, आणि त्यात तीन मुलांचे तीन प्रश्न होते.

मोठ्याचा बाप्तिस्मा सातव्या वर्षी आजींच्या चर्चमध्ये झालेला होता. आता अठराव्या वर्षी त्याला पुन्हा पाण्यात उतरायचं होतं. आजींना ते फार लागलं. ‘मग पहिला काय खोटा होता?’ हा प्रश्न जुना आहे आणि रक्ताचा आहे. १५२५ मध्ये झुरिकमध्ये ज्यांनी लहानपणचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी पुन्हा घेतला, त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं गेलं. ‘पाणी हवं होतं ना, घ्या पाणी,’ अशी ती शिक्षा. आजी स्वतः त्याच मताच्या, की बाप्तिस्मा समजून-उमजून घ्यायचा. पण सात वर्षांच्या मुलाला समज असते, हेही त्यांचं ठाम मत.

मुलीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडिलांच्या पंथात मोठ्या माणसांनाच पाण्यात नेत, त्यामुळे पंधरा त्यांना लवकर वाटत होतं. मुलगी दोन वर्षं मागे लागली होती.

आणि धाकट्याला, भावंडं जातात म्हणून, जायचं होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

माझा पहिला सल्ला चुकला. मी मुलांच्या आईला सुचवलं, बाप्तिस्मे सणापासून सोडवा, उन्हाळ्यात कधीतरी करा, म्हणजे तुझ्या आईला सणाच्या तंबूत यावं लागणार नाही आणि ताण कमी होईल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘उन्हाळ्यात केलं तर ती नदीवर येईल आणि सण आमचा एकट्यांचा राहील. नदी ही एकच गोष्ट आहे, जी तिचीही आहे आणि त्याचीही.’ त्याचीही म्हणजे नवऱ्याची. हे ऐकल्यावर मी प्रकरण मुळापासून पुन्हा वाचायला घेतलं.

सणातलं पाणी

सुक्कोथच्या शेवटी नदीत बुडायचं, ही जोडणी बाहेरून बघणाऱ्याला ओढूनताणून आणलेली वाटते. मलाही वाटली होती. पण या सणाच्या आतच पाणी आहे.

यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा सणाच्या सातही दिवशी शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या कलशात तीन ‘लोग’ (हे जुनं माप) पाणी भरून, शिंगं फुंकत, मंदिरात आणत आणि वेदीवर ओतत. मिश्ना हा यहुद्यांचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ हे सगळं तपशिलाने सांगतो. त्या रात्रींबद्दल तिथे म्हटलं आहे, की पाणी काढण्याचा तो आनंद ज्याने पाहिला नाही, त्याने जन्मात आनंदच पाहिला नाही. कारण साधं आहे. त्या देशात उन्हाळाभर पाऊस नसतो आणि हा सण म्हणजे कोरड्या हंगामाचं टोक. शेतातलं सगळं घरात आलेलं, टाक्या तळाला गेलेल्या. आता पाऊस आला नाही तर पुढचं वर्ष नाही. आठव्या दिवशी, शेमिनी अत्सेरेथला, आजही यहुदी लोक पावसाची प्रार्थना करतात, आणि तिथपासून वसंतातल्या वल्हांडणाच्या सणापर्यंत रोजच्या प्रार्थनेत ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ हे शब्द येतात.

याच सणात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो की जो तान्हेला असेल त्याने माझ्याकडे यावं. ‘तान्हेला’ हा आपल्या मराठी बायबलातला शब्द मला फार आवडतो, त्यात घसा कोरडा पडल्याचा आवाज आहे. पुढे जिवंत पाण्याच्या नद्यांची गोष्ट येते. हिब्रूत ‘जिवंत पाणी’ म्हणजे वाहतं पाणी, झऱ्याचं, नदीचं. यहुदी शुद्धिस्नानाला, मिकव्याला, नदी चालते ती त्यामुळेच. आणि ‘दिदाखे’ हे ख्रिस्ती मंडळीचं अगदी सुरुवातीचं शिकवणीचं पुस्तक सांगतं की बाप्तिस्मा जिवंत पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर ऊन पाण्यात, दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. माझ्या नगरच्या पाळकांनी शिंपडलेलं पाणी त्या शेवटच्या वाटेने आलेलं आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

म्हणजे वडिलांचा आठवा दिवस आणि आजींचा ओढा, हे दोन्ही एकाच पाण्याकडे जात होते. घरात दहा वर्षांत हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना वाटायचं सासूबाईंना सण समजत नाही. आजींना वाटायचं जावयाला बाप्तिस्मा समजत नाही.

ऑगस्टमध्ये आईच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही चौघांनी योहानाचा सातवा अध्याय वाचला. मी काही समजावलं नाही. फक्त आजींना विचारलं, तुमच्या ओढ्याला पाणी कुठून यायचं? त्या म्हणाल्या, झऱ्याचं होतं, कधी आटायचं नाही. जावई म्हणाले, मग तुमचा बाप्तिस्मा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त शास्त्राला धरून झालेला आहे. आजी हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन करून विचारलं, आठवा दिवस कधी येतो.

मोठ्याचा तिढा

हा सुटला तो मुलाने स्वतः वाचून. मिकव्यात माणूस स्वतः बुडतो. दुसरा माणूस असतो तो साक्षीला, केससुद्धा पाण्याबाहेर राहिला नाही ना हे बघायला. आणि ते स्नान आयुष्यात पुन्हा पुन्हा करता येतं. बाप्तिस्म्यात मात्र दुसऱ्याच्या हातात स्वतःला सोडावं लागतं आणि ते एकदाच. मुलगा म्हणाला, मला कुणी हात लावायचा नाही आणि कुणी बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे नाहीत. माझा बाप्तिस्मा आजीच्या चर्चमध्ये झालाय, तो झालाय. मला घर सोडून कॉलेजला जाण्याआधी एकदा पाण्यातून बाहेर यायचंय.

वडिलांना हे पचायला महिना लागला. सातव्या वर्षीचा बाप्तिस्मा खरा, असं मुलाने म्हणणं म्हणजे त्यांच्या पंथाच्या शिकवणीला मुलानेच नाही म्हणणं होतं. मी या एका गोष्टीसाठी त्यांना मानते. त्यांनी वाद घातला, रागावले, आणि मग थांबले.

आठवा दिवस

आदल्या दिवशी, सातव्याला, मांडवासाठी आणलेल्या वाळुंजाच्या फांद्या त्यांनी खडीवर आपटून पानं झाडली. होशाना रब्बाचा हा विधी त्यांनी यहुद्यांकडून घेतलेला. वाळुंज त्याच नदीकाठचे. मांडव बघायचा असेल तर आपल्याकडची शेतातली खोप डोळ्यासमोर आणा. वर पालापाचोळ्याचं छप्पर, उन्हापेक्षा सावली जास्त, पण रात्री चांदणी दिसली पाहिजे.

आजी दुपारी दोनला आल्या. मोडती खुर्ची, थर्मास, आणि टॉवेलांचं मोठं गाठोडं. मांडवात आल्या नाहीत, थेट पाण्याकडे गेल्या आणि बूट काढून पाय बुडवून बघितले.

योहान वाचला गेला. वडिलांनी पावसासाठी प्रार्थना केली. त्यात पुस्तकी काही नव्हतं. त्या नदीकडे बघून कुणीही केली असती अशी ती होती. बफेलो ही १९७२ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय नदी ठरली. धरण बांधायचा बेत लोकांनी लढून हाणून पाडला, म्हणून ती अजून आपल्या मनाने वाहते आणि आपल्या मनाने आटते.

मोठा मुलगा एकटा आत गेला, तीनदा बुडला, बाहेर आला. कुणी काही बोललं नाही. आजींनी टॉवेल दिला.

मुलीला घेऊन वडील आणि गटातले एक वडीलधारे गृहस्थ आत गेले. वडिलांनी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने, पुत्राला येशुआ म्हणत, तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. ती वर आली तेव्हा आजी एक जुनं भजन गुणगुणायला लागल्या. अर्ध्या लोकांना ते येत होतं. ज्यांनी बाप्टिस्ट चर्च सोडून वीस वर्षं झाली होती, त्यांनाही येत होतं.

मग धाकटा. तो गुडघाभर पाण्यात गेला आणि उभा राहिला. वडिलांनी हात पुढे केला. तो म्हणाला, ‘आज नको.’ कुणीतरी काठावरून धीर द्यायला लागलं. आजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि नातवाला हाक मारली, ‘ये, टॉवेल धर.’ नऊ वर्षांच्या मुलाला बाप्तिस्मा द्यायला त्यांचा विरोध नव्हता. सगळ्यांपेक्षा त्यांनाच तो हवा होता. पण कुणाच्या सांगण्यावरून पाण्यात जायचं नाही, हेच तर त्या आठ वर्षांच्या असताना शिकल्या होत्या. पोरगं बाहेर आलं आणि आजीच्या खुर्चीला टेकून उभं राहिलं.

ठाण्याहून आलेला फोन

या प्रकरणाला एक बाजू अशी आहे, जी त्या खडीवर हजर नव्हती. माझी एक मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, मूळची अलिबागकडची, आता ठाण्यात. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, ‘तुला माहीत आहे ना, आमच्याकडे मिशनरी काय घेऊन आले ते.’ मला माहीत आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मराठी बायबल बेने इस्राएलांच्या घरात पोचलं ते मिशनऱ्यांच्या हातून. त्यांनी ते वाचलं, शिकले, आणि बहुतेक सगळे यहुदीच राहिले. कोकणात हजारो मैल दूर राहून त्यांनी शनिवार राखला, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. तिशरी या हिब्रू महिन्यात त्यांच्याकडे खिरीचा सण होता. त्यांच्या सणाच्या शेवटी कुणी बाप्तिस्मा देतं आहे, हे ऐकून तिच्या पोटात काय झालं असेल, ते मला कळायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट. ७ ऑक्टोबर २०२३ ला, हमासने इस्रायलवर हल्ला केला त्या दिवशी, शेमिनी अत्सेरेथच होता. २०२४ चा तो दिवस तिच्यासाठी हिब्रू तिथीने पहिलं वर्षश्राद्ध होतं. ती म्हणाली, ‘आम्ही पावसाची प्रार्थना केली. आमच्याकडे पाऊस तेव्हा जात असतो, कोकणात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या पावसात उभं राहून दुसऱ्या देशासाठी पाऊस मागितला. यंदा मागताना आवाज निघत नव्हता.’

मी हे, तिला विचारून, त्या वडिलांना सांगितलं. त्यांनी बायबलातल्या जखर्या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढला, की सगळी राष्ट्रं मंडपांचा सण पाळायला येतील. वचन खरं आहे. पण त्या अध्यायात राष्ट्रं कुणाकडे तरी जातात, तिथे आधीच सण पाळणारे लोक आहेत. माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सण पाळा, नदीत उतरा, पण हा ‘आमचा हरवलेला सण’ आहे असं मुलांना शिकवू नका. तो हरवलेला नव्हता. अलिबागलासुद्धा नव्हता. ते रागावले नाहीत, मान्यही केलं नाही. हा मुद्दा आमच्यात अजून उघडाच आहे.

पुढे

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाऊस आला. त्या नाताळाला लेक, जावई आणि मुलं आजींच्या घरी जेवायला गेली. जावयांनी झाडाकडे पाठ करून बसायची जागा निवडली आणि आजींनी ती मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्यांच्या स्वतःच्या घरी झाड अजून नाही.

२०२५ मध्ये आठवा दिवस १४ ऑक्टोबरला, मंगळवारी आला. आजी पुन्हा आल्या, पुन्हा थेट पाण्याकडे. मांडवात त्या अजून झोपलेल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी जेवायला आत बसल्या. त्या वर्षी गटातल्या एका बाईंचा बाप्तिस्मा होता. धाकटा आता दहाचा झालाय. मुलांची आई सांगते की त्याने सकाळीच टॉवेल मोजून ठेवले होते, आणि एक जास्तीचा घेतला होता. कशाला, असं तिने विचारलं नाही. दिवसभरात तो लागला नाही. संध्याकाळी त्याने तो घडी करून आजीच्या गाठोड्यात परत ठेवला.